पूर आला की मंदिर, मशीद, विहार आणि गुरुद्वारा नेमकं काय करतात? यवतमाळच्या निमित्ताने समजून घ्या

22 जुलै 2023. शनिवारची सकाळ. यवतमाळ जिल्ह्यात रात्रभर पाऊस कोसळत होता. यवतमाळ शहराच्या सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं, नदी-नाल्यांवरचे पूल पाण्याखाली गेले होते. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला तर पाण्याने चहूबाजूंनी वेढा घातला होता. तिथे 45 जण अडकल्याची बातमी आधी आली. दिवस चढत गेला तसा हा आकडाही वाढत गेला. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं कामाला लागली.

त्या आठवड्यात अधिक श्रावण नुकताच सुरू झाला होता आणि मोहरमही. म्हणजे मंदिरात पारायणांची लगबग होती, मशिदीत आणि इमामवाड्यात लोकांची ये-जा होती. एरवी सोशल मीडियावर असे दिवस 'तणावाचे' म्हणून ओळखले जातात. पण पाणी दारात आलं की चित्र बदलतं. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुठला सभामंडप उंचावर आहे, एवढेच प्रश्न तेव्हा महत्त्वाचे ठरतात.

संकटाच्या वेळी वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकमेकांच्या मदतीला धावतात, अशा पोस्ट आपण सगळेच शेअर करतो. दोन दिवस त्यावर लाइक्स पडतात आणि विषय संपतो. पण ही मदत नेमकी कशी उभी राहते? तिचा पैसा कुठून येतो? ती कुठे कमी पडते? आणि कायदा याबद्दल काय सांगतो? समजून घेऊ या.

आधी यवतमाळ समजून घ्या

2011च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजारांच्या आसपास आहे. 16 तालुके आहेत. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि मधे बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस अशा नद्या. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा पट्टा बाहेरच्यांना दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांसाठी माहीत आहे. पुरासाठी फारसा नाही.

प्रत्यक्षात हा जिल्हा दोन्ही टोकं सोसतो. जून कोरडा जातो, दुबार पेरणी होते आणि नंतर एका रात्रीत इतका पाऊस पडतो की नाल्याकाठची शेतं खरवडून निघतात. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून एसटी बस वाहून गेली आणि चार जणांचा जीव गेला. 'गुलाब' चक्रीवादळाचा उरलेला जोर तेव्हा विदर्भ-मराठवाड्यावर बरसत होता. त्या दिवशी बसमधल्या लोकांपर्यंत पहिल्यांदा पोहोचले ते आसपासचे गावकरी. बचाव पथक त्यांच्या नंतर आलं.

यात कुणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. जगभर हेच होतं. बचाव पथकाला निघायला, रस्ता शोधायला, बोट उतरवायला वेळ लागतो. पहिले काही तास शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो.

आणि यवतमाळमधला हा शेजारी अनेक धर्मांचा, अनेक समाजांचा आहे. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, ख्रिश्चन, शीख. बंजारा समाजाचे तांडे, कोलामांचे पोड, पारधी समाजाचे बेडे, गोंड आणि आंध आदिवासींची गावं. अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीत बाबा कंबलपोष दर्ग्याच्या यात्रेला हिंदू आणि मुस्लिम दोघेही जातात. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातलं माहूर लागतं. तिथे रेणुकामाता आहे, दत्तशिखर आहे आणि जवळच शेख फरीद दर्गाही. यवतमाळच्या कित्येक कुटुंबांची एकाच फेरीत या सगळ्या ठिकाणी हजेरी लागते.

म्हणजे पूर येण्याच्या आधीपासून इथे ये-जा आहे. पुढे याचं महत्त्व कळेल.

धर्मस्थळं मदतीला लवकर का पोहोचतात?

श्रद्धा हे एक कारण झालंच. पण त्याशिवाय चार साधी, व्यवहारी कारणं आहेत.

पहिलं, जागा. मंदिर, मशीद, विहार, चर्च बऱ्याचदा उंच जोत्यावर असतात. सभामंडप मोठा असतो. पाण्याची टाकी असते, नळ असतात, काही ठिकाणी स्वच्छतागृहं असतात. शंभर माणसं रात्रभर कोरडी बसू शकतील अशी जागा गावात दोनच असतात. एक शाळा, दुसरं धर्मस्थळ. शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि ते अनेकदा तालुक्याच्या गावी राहतात. देवळाची किल्ली गावातच असते.

दुसरं, भांडी आणि हात. हजार माणसांचा स्वयंपाक करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण ज्या गावात दरवर्षी सप्त्याचा महाप्रसाद होतो, उरुसाचा भंडारा होतो, तिथे मोठे गंज, कढया, चुली आणि अंदाज असलेले आचारी तयारच असतात. किती डाळीला किती पाणी, किती पोरं वाढायला लागतील, हे त्यांना पाठ असतं. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये लंगर रोज चालतो. जी व्यवस्था रोज चालते, तिला संकटात नव्याने काही शिकावं लागत नाही.

तिसरं, आवाज. वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं की बॅटरीवर चालणारा भोंगा कामी येतो. देवळाचा असो वा मशिदीचा, 'नाल्याकाठच्यांनी घर सोडा' ही सूचना त्यावरून दिली की मिनिटभरात गावभर पोहोचते.

चौथं, विश्वास. अनोळखी अधिकारी घर सोडा म्हणाला तर लोक कां-कूं करतात. गुरं कुठे ठेवू, कुलूप कोण बघेल, असे प्रश्न असतात. तेच महाराज, मौलाना, भंतेजी किंवा गावातली जाणती बाई म्हणाली तर पाय लवकर उचलला जातो.

विदर्भाला ही शिकवण नवीन नाही. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, हातात खराटा घेतला. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या धर्मांना एकत्र बसवलं आणि ग्रामसफाईला पूजेचा मान दिला. पुरानंतर गाळाने भरलेलं गाव साफ करणं हे याच विचारातलं काम आहे.

महाराष्ट्रात हे कुठे कुठे घडलंय?

किल्लारी, 1993. 29 सप्टेंबरला गणेश विसर्जन झालं. लोक दमून झोपले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास 8 हजार माणसं गेली. मदत देशभरातून आली. त्यातलं एक काम लक्षात ठेवण्याजोगं आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. जैन समाजाची संघटना, पण मुलांची निवड जैन म्हणून झाली नव्हती. पुढे याच संघटनेने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणाचंही काम हाती घेतलं. पोती आणि पाकिटं वाटण्यापलीकडे जाऊन वर्षानुवर्षं साथ देणं म्हणजे काय, याचं हे उदाहरण.

कोल्हापूर-सांगली, 2019. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. शहरातल्या दसरा चौक परिसरात चित्रदुर्ग मठ आहे आणि मुस्लिम बोर्डिंगही. नदीकाठच्या वस्त्यांमधल्या लोकांना पुरात या जागांचा आसरा मिळतो. मुस्लिम बोर्डिंगचा इतिहास राजर्षी शाहू महाराजांपर्यंत जातो. शिकणाऱ्या मुलांसाठी उभी राहिलेली वास्तू शंभर वर्षांनंतर पूरग्रस्तांच्या उपयोगी पडली.

त्या वर्षी बकरी ईद 12 ऑगस्टला होती, म्हणजे ऐन महापुरात. अनेक मुस्लिम कुटुंबांनी ईद साधेपणाने केली आणि कुर्बानीसाठी बाजूला ठेवलेला पैसा पूरग्रस्तांकडे वळवला.

गोटखिंडी, सांगली. वाळवा तालुक्यातल्या या गावात गणपती मशिदीत बसतो. गोष्ट साधी आहे. काही दशकांपूर्वी गणेशोत्सवात जोराचा पाऊस आला, मूर्ती भिजू लागली. गावातल्या मुस्लिमांनी सांगितलं, मूर्ती मशिदीत आणा. ती प्रथा पुढे कायम झाली. बकरी ईद आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा इथल्या मुस्लिमांनी कुर्बानी टाळून फक्त नमाज अदा केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्येही मशिदींत गणपती बसतात. कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं गाव, म्हणजे हक्काचा पूरपट्टा. दोन्ही समाजांनी गुडघाभर पाण्यातून एकत्र वाट काढलेली असते.

अकोला, 2020. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, महामारी. पण यवतमाळच्या शेजारचं उदाहरण म्हणून महत्त्वाचं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत नातेवाईकही मृतदेहाजवळ यायला घाबरत होते. तेव्हा अकोल्यातल्या कच्छी मेमन जमातच्या स्वयंसेवकांनी अंत्यसंस्काराची जबाबदारी घेतली. मृत हिंदू असेल तर चितेवर, मुस्लिम असेल तर दफन. ज्याचा जो विधी, तो त्याच्या पद्धतीने.

मराठवाडा, 2025. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, सोलापूरसह अनेक जिल्ह्यांत पिकं आणि माती दोन्ही वाहून गेली. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने 10 कोटी रुपये मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिले. शेगावच्या गजानन महाराज संस्थानने 1 कोटी 11 लाख रुपये दिले. सरकारी निधीत गेलेला हा पैसा वाटताना कुणाचा धर्म विचारला जात नाही. भाविकाने देवासमोर ठेवलेली नोट फिरून कुठल्याही घरात पोहोचू शकते.

केरळमधला तो हॉल

महाराष्ट्राबाहेरची दोन उदाहरणं इथे सांगायला हवीत.

2018च्या महापुरात केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात एक मशीद पाण्याखाली होती. 22 ऑगस्टला ईद होती. जवळच्या एरावतूर इथल्या मंदिराने आपला हॉल उघडून दिला आणि दोनशेहून अधिक मुस्लिमांनी तिथे ईदची नमाज अदा केली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2019 मध्ये, मलप्पुरम जिल्ह्यात कवळप्पारा इथे दरड कोसळली. मृतदेह सापडत होते, पण शवविच्छेदनाची सोय असलेलं रुग्णालय दूर होतं. पोथुकल इथल्या मशिदीने आपली प्रार्थनेची जागा शवविच्छेदनासाठी दिली. मदरशाची बाकं आणि टेबलं वापरली गेली. मृतांमध्ये वेगवेगळ्या धर्मांचे लोक होते.

नमाजाची जागा पवित्र असते, ती स्वच्छ ठेवण्याचे कडक नियम असतात. अशा जागी मृतदेह आणू देणं ही छोटी गोष्ट नाही. घरच्या माणसाचा देह लवकर ताब्यात मिळावा म्हणून ताटकळणाऱ्यांसाठी ते केलं गेलं. एकमेकांना मदत करणं म्हणजे काय, हे या दोन हॉलमधून कळतं.

पैसा कुठून येतो आणि तो कुणाला देता येतो?

प्रत्येक धर्मात देण्याची स्वतःची पद्धत आहे आणि तिचे नियमही.

- जकात आणि सदका: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती असलेल्या मुस्लिमाने वर्षाला अडीच टक्के जकात द्यायची असते. जकात कुणाला द्यायची हे ठरलेलं आहे आणि अनेक उलेमांच्या मते ती प्रामुख्याने गरीब मुस्लिमांसाठी आहे. सदका मात्र कुणालाही देता येतो. त्यामुळे इतर धर्मीयांना मदत करताना बहुतेक वेळा सदक्याचा पैसा वापरला जातो.
- दसवंध: शिखांमध्ये कमाईचा दहावा हिस्सा समाजासाठी काढण्याची परंपरा आहे. लंगर त्यावरही चालतो. लंगरच्या पंगतीत सगळे एकाच रांगेत बसतात.
- दान: जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी दानाची चार रूपं सांगितली आहेत. पुरात या चारही गोष्टींची गरज पडते. बौद्ध धम्मात दान ही दहा पारमितांपैकी एक आहे.
- दानपेटी आणि अन्नदान: मंदिरांची मोठी मदत ट्रस्टमार्फत जाते. गावपातळीवर मात्र धान्य, पीठ, भाजी अशी वस्तुरूप मदतच जास्त असते.

नोंदणीकृत ट्रस्टला या खर्चाचा हिशोब ठेवावा लागतो. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. तुमच्याकडे नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि तुम्ही धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करत असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी हीच परवानगी घेतात. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड टाकून 'पूरग्रस्तांसाठी मदत करा' म्हणणाऱ्यांनाही हे लागू होतं.

मग सरकार काय देतं?

धर्मस्थळांची मदत सरकारी मदतीची जागा घेऊ शकत नाही. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेले आपत्ती मदतीचे निकष पाहिले की कारण कळेल.

- आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाख रुपये.
- घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 रुपये प्रति कुटुंब.
- कोरडवाहू पिकाच्या नुकसानीसाठी हेक्टरी 8,500 रुपये, ठरावीक मर्यादेपर्यंत.
- अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या शेतातला गाळ काढण्यासाठी हेक्टरी 18,000, आणि जमीनच वाहून गेली तर हेक्टरी 47,000 रुपये.

जुलै 2023च्या पुरानंतर राज्य सरकारने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांची तातडीची मदत 5 हजारांवरून 10 हजार केली.

एवढी मोठी रक्कम, इतक्या कुटुंबांना, कुठलंही देवस्थान देऊ शकत नाही. पण सरकारी मदतीला पंचनामा लागतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येणार, पाहणी करणार, यादी वर जाणार, मग पैसा खात्यात येणार. यात दिवस जातात, कधी महिनेही. चूल मात्र आज संध्याकाळी पेटायला हवी असते. पंचनामा आणि पैसा यांच्या मधल्या दिवसांत जेवण, अंथरूण आणि कोरडे कपडे कोण देणार? शेजारी आणि धर्मस्थळं इथे कामी येतात.

आणखी एक काम ते करू शकतात, ज्याची फार चर्चा होत नाही. ज्याचं आधार कार्ड, सातबारा, पासबुक पाण्यात गेलं त्याला अर्ज भरून देणं, पंचनाम्यात नाव आलं की नाही ते पाहणं. भाड्याने राहणारे, मजुरीसाठी आलेले, सालगडी यांची नावं यादीतून सुटण्याची शक्यता सर्वात जास्त असते. खिचडीची पंगत दोन दिवसांत उठते. यादीतलं एक नाव वर्षभर उपयोगी पडतं.

सगळं इतकं छान आहे का?

नाही. आणि हा भाग शेअर होत नाही म्हणून तो वाचणं जास्त गरजेचं आहे.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ऑल्ड्रिच यांनी आपत्तीनंतर वस्त्या कशा सावरतात याचा अभ्यास केला. 1923चा टोकियो भूकंप, 1995चा कोबे भूकंप, 2004च्या त्सुनामीनंतरचं तमिळनाडू आणि 2005चं कतरिना वादळ ही त्यांची उदाहरणं. 2012 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: वस्ती किती लवकर उभी राहते हे ठरवण्यात पैशापेक्षाही माणसांमधल्या नात्यांचा वाटा मोठा असतो.

पण नाती दोन प्रकारची असतात. एक, आपल्याच जातीतली, समाजातली घट्ट नाती. दुसरी, समाजाची वेस ओलांडून जोडलेली. फक्त पहिलीच नाती मजबूत असतील तर मदत वेगाने येते, पण ती आपल्याच लोकांत फिरते. तमिळनाडूत त्सुनामीनंतर हेच दिसलं. एकजूट असलेली काही मच्छीमार गावं झपाट्याने सावरली, पण त्यांच्या शेजारच्या दलित वस्त्यांपर्यंत मदत नीट पोहोचली नाही.

यवतमाळसाठी हा इशारा आहे. मुख्य रस्त्यावरच्या गावात मदतीचा टेम्पो थांबतो, फोटो निघतात. रस्त्यापासून आत असलेला कोलाम पोड, पारधी बेडा, टोकाचा तांडा मागे राहू शकतो. त्यांच्याकडे मोठं देवस्थान नाही, ट्रस्ट नाही, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ओरडून सांगणारं कुणी नाही.

दुसरा प्रश्न मदतीच्या आडून होणाऱ्या प्रचाराचा. पाकिटासोबत पत्रक देणं, जेवणाआधी घोषणा द्यायला लावणं, धर्म विचारून वाटप करणं. अशा आरोपांचा इतिहास जुना आहे आणि तो कुठल्या एकाच धर्मापुरता नाही. रेड क्रॉस चळवळ आणि इतर मोठ्या मदत संस्थांनी 1994 मध्ये आचारसंहिता ठरवली. त्यात स्पष्ट म्हटलंय की मदत गरज बघून द्यायची, कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटण्यासाठी ती वापरायची नाही.

भारतात तर याला कायद्याचा आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005च्या कलम 61 नुसार भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही.

तिसरा प्रश्न सन्मानाचा. मदत घेणाऱ्या बाईचा चेहरा, तिच्या हातातलं पाच किलो पीठ आणि देणाऱ्यांचे दहा हसरे चेहरे. हा फोटो तिच्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर पोहोचतो. त्या मुलीचा विचार कुणी करत नाही.

अफवांचं काय?

पुरात पाण्याइतकीच वेगाने अफवा वाहते. 'धरण फुटलं' हा मेसेज त्यातला नेहमीचा. 2018 मध्ये केरळमध्ये मुल्लपेरियार धरणाला तडा गेल्याची खोटी बातमी फिरली आणि आधीच घाबरलेले लोक आणखी घाबरले. 'अमुक समाजाच्या लोकांनी मदत अडवली' हा दुसरा प्रकार. असा एक मेसेज दोन दिवस चाललेली एकत्र चूल विझवू शकतो.

आपत्तीबाबत खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धरणाच्या विसर्गाची माहिती जिल्हा प्रशासन देतं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा टोल फ्री क्रमांक आणि तातडीच्या मदतीसाठी 112 क्रमांक आहे. 'फॉरवर्ड' दाबण्याआधी एक फोन करता येतो.

पुढच्या पावसाळ्याआधी काय करता येईल?

कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. गरज पडली तर इमारती आणि वाहनं ताब्यात घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण ती वेळ येऊ न देणं गावाच्या हातात आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

- गावातल्या सर्व धर्मस्थळांची एकच यादी करा. कुठला मंडप उंचावर आहे, किती माणसं मावतात, किल्ली कुणाकडे, स्वच्छतागृह आहे का. यादी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे ठेवा.
- भोंग्यावरून सूचना कोण देणार आणि काय शब्दांत देणार हे आधी ठरवा. बंजारा, कोलामी, गोंडी बोलणारी वस्ती असेल तर त्या भाषेत सांगणारा माणूसही ठरवा.
- चूल एकच असू द्या, आणि जेवण सगळ्यांना चालेल असं ठेवा. साधं वरण-भात किंवा खिचडी. त्यावरून वाद होत नाही.
- जुने कपडे पाठवू नका. बहुतेक वेळा ते चिखलात पडून राहतात. ताडपत्री, टॉर्च, पिण्याचं पाणी, ओआरएस, ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड, मुलांच्या वह्या, गुरांसाठी चारा यांची गरज जास्त असते.
- मदतीचा टेम्पो आधी सर्वात आतल्या वस्तीत न्या. मुख्य रस्त्यावरच्या गावाला दुसरा टेम्पो मिळतोच.
- फोटो काढायचाच असेल तर सामानाचा काढा, माणसाचा नको.

गोटखिंडीत मूर्ती मशिदीत नेली त्या दिवशी कुणी बैठक घेतली नव्हती. पाऊस आला, मूर्ती भिजायला लागली, आणि कुणीतरी म्हणालं, आत आणा. एवढंच. पण 'आत आणा' असं म्हणता यावं यासाठी आधी बोलणं असावं लागतं. एकमेकांच्या लग्नात जेवलेलं असावं लागतं, उरुसाला आणि सप्त्याला गेलेलं असावं लागतं.

यवतमाळमध्ये हे सगळं आहे. आर्णीच्या यात्रेत आहे, माहूरच्या वाटेवर आहे, तुकडोजी महाराजांच्या भजनांत आहे. पुढचा पाऊस कधी आणि किती पडेल हे कुणाच्या हातात नाही. पण देवळाची, मशिदीची, विहाराची किल्ली कुणाकडे आहे, हे आजच विचारून ठेवता येतं.